उपड्या होडीवरची शून्यं

पहिलं शून्य मी हिला तोंडी सांगितलं आणि हिनं ते लिहून घेतलं.

ही म्हणजे माझी बायको. जाऊन सात महिने झाले, तरी माझ्या तोंडात 'ही'च येतं. लेक म्हणते, बाबा, आता 'ती' म्हणायची सवय करा. करीन. अजून जमत नाही.

आम्ही दोघं बारा वर्षं समुद्रकाठी मेलेले पक्षी मोजत होतो. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, कशासाठी? समुद्रात काय चाललंय ते वरून दिसत नाही. तेल कुठून गळलं, मासे कुठे संपले, वादळात काय गेलं, हे काठावर काय येऊन पडतं त्यावरून कळतं. म्हणून एका मंडळानं किनाऱ्याचे तुकडे पाडलेत. प्रत्येक तुकड्याला पट्टा म्हणतात आणि प्रत्येक पट्ट्याला दोन माणसं असतात. महिन्यातून एकदा, ओहोटीला, पट्टा पुरा चालायचा. जाताना भरतीच्या रेघेनं, म्हणजे पाणी जिथवर चढून शेवाळ टाकून जातं तिथून. येताना वरच्या कोरड्या वाळूतून. शेवाळ काठीनं उलटून बघायचं. पक्षी सापडला की त्याचा पंख मोजायचा, पायाला तीन रंगांचे नायलॉनचे दोरे बांधायचे, पाटीवर नंबर लिहून फोटो काढायचा आणि त्याला तिथेच ठेवून पुढे जायचं. दोरा बांधलेला असला की तोच पक्षी पुढच्या महिन्यात पुन्हा मोजला जात नाही.

आमचा पट्टा बंदराच्या दगडी भिंतीपासून नाल्यापर्यंत. दोन किलोमीटरला थोडा कमी. नाल्यापलीकडचा पट्टा पोस्टमनचा. तो निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्याला सगळे पोस्टमनच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा.

मी लिफ्टचा मिस्त्री होतो. ही शाळेचे गणवेश शिवायची. पंख मोजायला मंडळानं कडक पट्टी दिली होती, ती हिनं कधी वापरली नाही. गळ्यातली शिवणाची टेप काढायची आणि म्हणायची, "पंख वाकतो, पट्टी वाकत नाही. माप कसं बरोबर येणार?" दोऱ्याची गाठसुद्धा शिंपिणीची मारायची, दोनदा फिरवून. तिनं बांधलेला दोरा कधी सुटलेला मी पाहिला नाही.

काहीच सापडलं नाही तर शून्य लिहायचं. गेलोच नाही तर रकाना मोकळा सोडायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मोकळा रकाना म्हणजे त्या महिन्याचं काही माहीत नाही. शून्य म्हणजे मी पट्टा चाललो, शेवाळ उलटलं आणि पक्षी नव्हता. नवखी माणसं रकाना मोकळा सोडायला लाजतात. त्यांना वाटतं, आपण कामचुकार दिसू. मी नवखा नव्हतो.

आमच्या तिसऱ्या वर्षी एक जोडपं घरी बसून तक्ते भरताना सापडलं. त्यांच्या जुन्या नोंदींचं काय करायचं यावर बैठकीत कोणी बोलेना. मग ही उठली. म्हणाली, "जे पक्षी सापडले म्हणून लिहिलंय त्यांचे फोटो आहेत, ते ठेवा. शून्याचा फोटो कुठे असतो? त्याला फक्त माणसाचा शब्द असतो. त्यांची शून्यं सगळी काढून टाका, पहिल्या दिवसापासूनची." मंडळानं तो नियमच करून टाकला. घरी येताना मी म्हणालो, "जरा जास्तच कडक झालीस." तर म्हणाली, "उसवायचं तर पुरतं उसवावं. अर्धवट उसवलेल्यावर शिवण बसत नाही."

मागच्या वर्षी हिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. आम्ही पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. तक्त्यावर दोन सह्या लागतात, चालणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची. ही म्हणाली, "तुम्ही चाला, मी लिहिते. पडून लिहायला काय लागतं? खंड पडायला नको."

पहिल्या महिन्यात मी खरंच गेलो. बंदराच्या भिंतीपासून शंभर पावलांवर एक मोठा पक्षी पडला होता. जाळ्याचा दोरा मानेभोवती, पंखाभोवती, चोचीत. फार वेळ झाला नसावा, अंगात अजून ऊब होती. मी टेप काढली. पंख उघडला. तो उघडताना अंगाला जो हलकेपणा लागला तो मला ओळखीचा होता. आदल्या रात्री हिला कुशीवर वळवताना तसाच लागला होता. मी टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि परत फिरलो.

घरी ही उशांना टेकून, मांडीवर फळी घेऊन तयारच होती.

"किती?"

"काही नाही."

"एकही नाही? अहो, नीट पाहिलंत ना?"

"पाहिलं गं. एकही नाही."

"वारा?"

"बंदराकडून."

तिनं शून्य काढलं. तिचं शून्य काजासारखं असायचं, उभट आणि टोकं नीट मिळालेली. सही केली. म्हणाली, "बरं झालं. शून्य लिहिताना हात हलका होतो."

मरायला टेकलेल्या माणसाला मेलेल्याची बातमी कशी द्यायची, म्हणून खोटं बोललो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पहिल्या वेळेपुरतं ते थोडंफार खरंही असेल. दुसऱ्या महिन्यात मी चाललोच नाही. वाळूत उतरायच्या रस्त्याशी एक जुनी होडी उपडी टाकलेली आहे. तिच्यावर दीड तास बसलो. पट्ट्याला दीड तास लागतो. मग चपलांना थोडी वाळू लावून घरी आलो आणि शून्य सांगितलं.

मला त्या खोलीतून सुटायचं होतं. औषधांचा वास, तिचा श्वास मोजत बसणं, पाण्याचा पेला तोंडाशी धरताना तिचं "पुरे" म्हणणं. महिन्यातले ते दीड तास कोणी मला जाब विचारणार नव्हतं. उलट हीच घाई करायची, "निघा, ओहोटी थांबणार नाही तुमच्यासाठी." तिला वाटायचं, नवरा एकटा दोघांचं काम करतोय. मी होडीवर बसून लाटा बघत होतो. काही वेळा चक्क बरं वाटायचं. ते लिहिताना आता हात थांबतो, पण बरं वाटायचं.

चौथ्या महिन्यात मी चपला घालत होतो, तर ही म्हणाली, "आज राहू दे का?" मी वळलो. ती खिडकीकडे बघत होती. मग तीच म्हणाली, "नको, जा. खंड नको पडायला."

मी गेलो. होडीवर बसलो. शून्य घेऊन आलो. नवव्या दिवशी ही गेली.

पुढचे सात महिने तर मी होडीपर्यंतही गेलो नाही. पहिल्या तारखेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता घ्यायचा, तारीख, वारा, शून्य. दोन्ही ठिकाणी माझीच सही, ही गेली म्हणून मंडळानं ते चालवून घेतलं. लिफ्टमध्ये तपासणीचं कार्ड असतं. ब्रेक न बघता त्यावर सही केली म्हणून मी एका मदतनिसाला कामावरून घालवलं होतं. तो म्हणत होता, "मिस्त्री, लिफ्ट चालतेय ना?" मी म्हणालो होतो, "कार्ड लिफ्टसाठी नाही, आत उभ्या राहणाऱ्यासाठी आहे." किती छान बोलायचो मी.

पोस्टमन कधीमधी चहाच्या टपरीवर भेटायचा.

"काय मिस्त्री, तुमच्याकडचे पक्षी मरायचे थांबलेत म्हणे. अमृत पाजता का काय?"

"नशीब आमचं," मी म्हणायचो.

"नाल्याच्या अलीकडे अमर, पलीकडे पटापट खाली. माझ्याकडे या महिन्यात नऊ. त्यांना माझं तोंड बघून मरावंसं वाटत असणार. बायको तेच म्हणते." हसायचा आणि हसताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचा. चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेला माणूस. पाकीट न फोडता आतलं ओळखायची सवय असते त्यांना.

मग मोजणीबाई घरी आल्या. सगळ्या पट्ट्यांचे आकडे त्या एकत्र करतात. हे नाव हिनंच ठेवलं होतं आणि त्यांना ते माहीतही आहे. त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला.

"काका, हे बघा. पलीकडच्या पट्ट्यांवर वर्षभर आकडा चढतोय. आम्हाला वाटत होतं, बंदराशेजारी जी कायमची जाळी लावतात, तिच्यात अडकून मरतात. पण बंदराला लागून पट्टा तुमचा. आणि तुमच्याकडे अकरा महिने शून्य."

"हं."

"म्हणजे जाळ्यांचा दोष नाही. दुसरीकडून वाहत येत असणार. शुक्रवारी बंदराच्या समितीपुढे हेच सांगायचंय. जाळीवाल्यांवर आपण उगाच आळ घेत होतो." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "आणि काकूंचं नाव घ्यायचंय. बारा वर्षं आणि वर हे एक, एकही रकाना मोकळा नाही. आजारी असतानाही स्वतःच्या हातानं लिहिलंय. तो तक्ता मी भिंतीवर लावणार आहे. ताईला फोन केला मी, तिनं रजा टाकलीय. तुम्ही दोन शब्द बोला फक्त."

ताई म्हणजे माझी लेक. संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, आईचं अक्षर भिंतीवर लागणार! मी ती निळी साडी नेसून येणार आहे, तिची." मी म्हटलं, "ये." आणखी काय म्हणणार?

रात्रभर हिशेब एकच. गप्प बसलो तर हिच्या सहीचं खोटं भिंतीवर लागणार, जाळी तिथेच राहणार आणि पक्षी मरत राहणार. बोललो तर हिनंच केलेला नियम हिच्यावर लागणार. अकरा शून्यं माझी होती. पण आधीच्या बारा वर्षांतही शून्यं होती, खरी, दोघांनी चालून मिळवलेली. तीही सगळी जाणार.

सकाळी ओहोटी होती. अकरा महिन्यांनी मी होडी ओलांडून वाळूत उतरलो.

भिंतीपाशीच पहिला सापडला. मग दुसरा, शेवाळाखाली, नुसते दोन पंख आणि छातीचं हाड. एकाच्याही पायाला दोरा नव्हता. काही ताजे, काही इतके जुने की पिसांची नुसती काडी राहिलेली. बिनदोऱ्याचा जुना पक्षी म्हणजे काय हे आम्हा लोकांना कोणी सांगावं लागत नाही. तो येऊन पडला तेव्हा त्या पट्ट्यावर कोणी फिरकलं नव्हतं. नाल्यापर्यंत चौदा झाले. निम्म्याहून जास्तांच्या अंगावर जाळ्याचा दोरा.

परत येताना वरच्या कोरड्या वाळूत एक पाय सापडला. फक्त पाय. त्याला निळा, पांढरा, तांबडा दोरा. गाठ दोनदा फिरवलेली. पक्षी गेला, पाऊस गेला, ही गेली, आणि गाठ होती तशी. मी तिथे बसलो. रडलो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण रडलो नाही. मला लाज वाटत होती. आजूबाजूला कोणी नसताना, भर उन्हात, कोणी बघितलं तर काय, अशी लाज.

तसाच मंडळाच्या कार्यालयात गेलो. एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मोजणीबाई भिंतीवर तक्ते चिकटवत होत्या, तोंडात टाचण्या. पोस्टमनही होता, शिडी धरून.

"काका! बरं झालं आलात. हा सरळ लागलाय का बघा."

हिचा तक्ता होता. चार काजं, एकाखाली एक.

"काढा तो," मी म्हणालो.

"वाकडा झालाय?"

"नाही. खोटा आहे."

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पहिला पक्षी, होडी, चपलांना लावलेली वाळू, स्वयंपाकघरातलं टेबल, आजचे चौदा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अकरा महिने मी काय वाहत होतो कोण जाणे, एवढंसंच होतं ते.

बाईंनी टाचण्या टेबलावर ठेवल्या. मग बाई म्हणाल्या, "मी परवा समितीपुढे उभी राहून जाळीवाल्यांची माफी मागणार होते, काका."

"हो."

"काकूंना माहीत होतं?"

"नाही. मी सांगायचो, ही लिहायची. बाई, एक विनंती आहे. ही अकरा काढा. मला काढा. पण आधीची राहू द्या. ती खरी आहेत. आम्ही दोघं चाललोय. पावसात, तापात. ती खरी आहेत."

"माझा विश्वास आहे."

"मग?"

"माझ्या विश्वासानं काय होतं? ती खरी आहेत असं सांगणारं आता कोण उरलंय?"

मी भिंतीवरच्या चार काजांकडे बघितलं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

शिडीपाशी उभा असलेला पोस्टमन खाली बघत होता. नियम कोणी केला होता हे तिघांनाही आठवत होतं. कोणी तिचं नाव काढलं नाही.

आमच्याकडे खाडाखोड करायची पद्धत ठरलेली आहे. पांढरी शाई नाही, रबर नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करायची. लिहिणारा नसेल तर चालणाऱ्यानं. बाईंनी कपाटातून आमच्या पट्ट्याच्या फायली काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. खुर्ची दिली. पेन दिलं.

माझ्या सात शून्यांवर रेघा पटकन झाल्या. मग तिची चार. मग मागची, बारा वर्षांची. कुठलं शून्य कुठल्या दिवसाचं हे मला बऱ्याच ठिकाणी आठवलं. एकाला आम्ही वाटेत भांडलो होतो आणि ही वरच्या वाळूतून, मी खालून, असे न बोलता चाललो होतो. एकाला लेकीच्या बाळंतपणाचा फोन वाळूतच आला होता आणि ही तेवढ्यात म्हणाली होती, "थांबा, आधी राहिलेला पट्टा पुरा करू, बाळ काही पळून जात नाही." एकाला तिला ताप होता आणि तिनं मला सांगितला नव्हता. सगळ्यांवर रेघ. रेघ, सही. रेघ, सही.

मधेच माझा डोळा चुकला आणि एक ओळ गाळून पुढे गेलो. पोस्टमननं स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. बोट ठेवून महिना वाचू लागला, मी रेघ मारू लागलो. त्यानं एकही विनोद केला नाही. तेवढं सोडून काहीही सहन झालं असतं. शेवटी एकोणसत्तर झाली. त्यातली अठ्ठावन्न खरी होती.

लेकीला मी फोनवर सांगितलं नाही. ती गुरुवारी आली, निळी साडी घडी घालून पिशवीत. चहा झाल्यावर सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, हिच्यासारखंच, मधे न बोलता.

"म्हणजे आईनं खोटं लिहिलं?"

"आईनं नाही. मी खोटं सांगितलं, तिनं खरं समजून लिहिलं."

"आणि तिची खरी पण गेली?"

"गेली."

ती उठून खिडकीपाशी गेली. पलंग आता तिथे नाही, पण पायांचे चार डाग फरशीवर आहेत. त्यांच्यामधे उभी राहून म्हणाली, "मी इथे दोन महिने होते बाबा, शेवटी. तुम्ही निघालात की आई घड्याळ बघायची. दीड तास. तुम्ही परत यायच्या आधी मला केस विंचरायला सांगायची. म्हणायची, दमून येतील."

मी चहाचे रिकामे कप एकात एक घातले.

"मला तुमचा राग आलाय," लेक म्हणाली. "तो जाईल का ते मला माहीत नाही. उद्या मी येणार आहे, पण साडी नाही नेसणार."

शुक्रवारी समितीपुढे मी तेच पुन्हा सांगितलं. या वेळी पंधरावीस माणसं होती. जाळीवाल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "यांच्या आकड्यांवर आमची जाळी हलवायची म्हणता, आणि हे तर होडीवर बसून मोजतात." लोक हसले. हसण्यासारखंच होतं. शेवटी ठरलं की सहा महिने नव्यानं मोजायचं आणि मग काय ते बोलायचं. तोवर जाळी जागेवरच. म्हणजे आणखी सहा महिने जे मरतील ते माझ्या खात्यात. लेक दुसऱ्या रांगेत बसली होती. बाहेर पडताना तिनं माझी पिशवी हातात घेतली.

मोजणीबाईंनी मला काढलं नाही. "चालायला माणसं कमी आहेत, काका," एवढंच म्हणाल्या. पण पुढची दोन वर्षं माझं शून्य धरायचं नाही असं ठरलंय. पक्षी सापडला, फोटो काढला, तर तो धरतील. शून्य नाही. आणि एकट्यानं जायचं नाही.

पोस्टमन म्हणाला, "मी येतो लिहायला. बायको म्हणाली, जा, तेवढीच घरात शांतता."

या महिन्यात गेलो. मी खालून भरतीच्या रेघेनं, तो वरून, तक्ता फळीला लावून. हिची टेप मी गळ्यात घातली होती. गळ्यात घालायला आधी बरं वाटेना, पण खिशात गुंता होतो. समुद्र दोन दिवस शांत होता. मागच्या चौदांना मी दोरे बांधून आलो होतो. गाठ मला तिच्यासारखी येत नाही, तीन सुटल्या होत्या. त्या पुन्हा बांधल्या. नवं काही नव्हतं. मी सगळं शेवाळ उलटलं. भिंतीजवळचं तर दोनदा उलटलं. पोस्टमन वरून ओरडला, "मिस्त्री, वाळू चाळून काढता का आता?"

नाल्याशी पोचून परत आलो. होडीपाशी तो थांबला, फळी गुडघ्यावर धरून होडीवर बसायला लागला.

"तिथे नको," मी म्हणालो.

तो उठला. उभ्यानंच पेन उघडलं. "बोला. किती?"

"एकही नाही."

"शून्य लिहू?"

"लिहा."

"धरणार नाहीत."

"माहीत आहे."

त्यानं लिहिलं. त्याचं शून्य वाकडं, टोकं न मिळालेली. सहीसाठी फळी माझ्याकडे दिली. मी सही केली, चालणाऱ्याच्या जागी. मग त्यानं विचारलं, "वारा?"

मला ठाऊक नव्हता. मी बोट ओलं करून वर धरलं आणि थांबलो.